आपल्या शाळेतला अशोक खरा की खोटा?

शाळेच्या कुंपणालगत उंच, सरळसोट वाढलेली, नागमोडी कडांच्या लांब पानांची झाडं असतात ना? मुलांना विचारा, "हे कोणतं झाड?" सगळा वर्ग एका सुरात ओरडेल, "अशोक!" मीही कितीतरी वर्षं तसंच शिकवत होते. पण ते झाड म्हणजे आसुपालव, अर्थात खोटा अशोक. तो सीताफळाच्या कुळातला. ज्याची साल औषधात वापरतात तो सीतेचा अशोक वेगळा, चिंचेच्या कुळातला.

ओळखायचा कसा? आसुपालवाची फुलं बारीक, हिरवट. पानांत दिसतही नाहीत. सीता-अशोक मात्र डेरेदार, गर्द सावलीचा. त्याचं पान संयुक्त, म्हणजे एका देठावर पर्णिकांच्या जोड्या. कोवळी पालवी तांबूस, मऊ, चिंध्या वाळत घातल्यासारखी लोंबणारी. वसंतात जुन्या फांद्यांवर, कधी थेट खोडावरही केशरी फुलांचे गुच्छ येतात आणि पुढे लाल होत जातात. गंमत म्हणजे या फुलाला पाकळ्या नसतातच. रंगीत दिसतात ती निदलं. सहावी-सातवीच्या मुलांना फूल उकलून दाखवा, पुस्तकातल्या आकृतीपेक्षा जास्त लक्षात राहतं.

आयुर्वेदात याची साल महत्त्वाची. चवीला तुरट. पाळीत अंगावरून जास्त जाणं, पोटात दुखणं अशा तक्रारींवर सालीचा काढा किंवा दुधात उकळून केलेला क्षीरपाक देण्याची परंपरा आहे. अशोकारिष्टाचा मुख्य घटक हीच साल. त्यात गूळ आणि धायटीची फुलंही असतात. चैत्र शुद्ध अष्टमीला अशोकाच्या आठ कळ्या खायची प्रथाही आहे. पंचांगात त्या दिवशी 'अशोककलिका प्राशन' असं लिहिलेलं असतं, बघा.

नावाच्या गोंधळाचा खरा धोका इथेच आहे. "अशोकाची साल चांगली असते" एवढंच ऐकून कुणी दारातल्या आसुपालवाची साल उकळली, तर ते अशोकाचं औषध नव्हेच. बाजारातल्या सालीतही आसुपालवाची भेसळ आढळते. आणि साल खरी असली तरी जास्त रक्तस्राव हे लक्षण आहे. त्यामागे गाठ असू शकते, रक्तक्षय होऊ शकतो. आपल्याकडे आया आणि मोठ्या मुली हे दुखणं लपवतात आणि काढ्यावर महिने काढतात. आधी डॉक्टरांकडे जायचं. गरोदरपणात तर स्वतःच्या मनाने काहीच घ्यायचं नाही.

सालीपायी झाडाचेही हाल झालेत. खोडाची साल सगळीकडून सोलली की झाड मरतं. सह्याद्रीतल्या जंगलांत मूळचा असलेला हा वृक्ष आज संकटग्रस्त प्रजातींच्या जागतिक यादीत आहे. शाळेत लावायचा असेल तर शेंगेतलं बी ताजं असतानाच पिशवीत रुजवा, वाळून जुनं झालेलं बी उगवत नाही. रोप पहिली काही वर्षं अर्धवट सावलीत ठेवा, पाणी तुटू देऊ नका. वाढतो अगदी सावकाश. पाचवीच्या मुलांनी लावला तर दहावीला जाताना त्यांच्या डोक्याएवढा झाला तरी पुष्कळ!