अंतःकरणाची शुद्धी आणि तिची कसोटी

सोयगावच्या कॉलेजात रुजू झालो तेव्हा मी खोली शोधत होतो. एका घरमालकांनी आधी आडनाव विचारले, मग गाव विचारले, आणि खोली कालच दुसऱ्याला दिल्याचे सांगितले. निघताना म्हणाले, “सर, आमच्या मनात काही नाही हो. पण घरात म्हातारी माणसं आहेत, देवघर आहे.” माझा बाप सालगडी, घरात पहिला पदवीधर मी. नकार मला नवा नव्हता. पण ‘मनात काही नाही’ हे शब्द डोक्यातून जाईनात. मन स्वच्छ आणि दार मात्र बंद, हे एकाच वेळी खरे असू शकते काय?

या प्रश्नाचा विचार करताना मी बायबलकडे वळलो. मी ख्रिस्ती नाही, बौद्ध आहे. पण आतली नीती आणि बाहेरचा आचार यांचा वाद येशूने फार नेमका मांडला आहे.

मार्कच्या शुभवर्तमानातील सातव्या अध्यायात शास्त्री आणि परूशी तक्रार करतात की, येशूचे शिष्य हात न धुता जेवतात. मुद्दा आरोग्याचा नव्हता, विधीचा होता. येशूचे उत्तर असे की, बाहेरून पोटात जाते त्याने माणूस विटाळत नाही. चोरी, खून, लोभ, कपट, गर्व हे अंतःकरणातून निघते, विटाळ त्याचा होतो. तेथेच तो एक दाखला देतो. आईबापाला द्यायचा पैसा ‘कुर्बान’, म्हणजे देवाला वाहिलेला, असे म्हटले की मुलगा त्यांना पोसण्यातून मोकळा होई. धर्म पाळून माणुसकी चुकवण्याची ही सोय होती.

हे वाचताना आपल्याकडील सोवळे आठवते. पण फरकही ध्यानात ठेवला पाहिजे. तेथील विधीचा विटाळ बहुधा तात्पुरता असे, स्नानाने वा विधीने तो फिटे. येथील विटाळ जन्माने चिकटवलेला, तो कोणत्याही पाण्याने धुतला गेला नाही. शिवाय ‘परूशी’ ही ज्यूंना द्यायची शिवी नव्हे. येशू स्वतः ज्यू होता, आणि न्यायावाचून केलेली पूजा व्यर्थ आहे हे आमोस, मीखा या संदेष्ट्यांनी त्याच्या कित्येक शतके आधी ज्यूंना सुनावले होते.

आता महत्त्वाचा मुद्दा. ‘आत’ म्हणजे मनाचा बंद कप्पा, असे येशू म्हणतो काय? मत्तयच्या शुभवर्तमानात तो सांगतो की, वेदीवर दान ठेवताना कुणाचे आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवले, तर दान तेथेच सोडा, आधी जाऊन त्याच्याशी समेट करा. पुदिना, शेप, जिरे यांचाही दशांश मोजून देणाऱ्यांना तो विचारतो, न्याय, दया आणि विश्वास कोठे गेले? अंतःकरणाच्या शुद्धीची परीक्षा शेजाऱ्याशी होणाऱ्या व्यवहारात होते, असा याचा अर्थ आहे.

महाराष्ट्रात याचे उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांचे आहे. पती ना. वा. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई पुन्हा त्यांच्याकडे राहायला आल्या, तेव्हा सोवळे सांभाळूनच राहत. पुढे जातिभेद माणसाने केला, देवाने नव्हे, हे त्यांना पटले आणि त्यांनी विटाळ पाळणे सोडले. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. त्यांच्या मनातला बदल पहिल्यांदा दिसला तो अन्नपाण्यात.

पण ख्रिस्ती समाजाला तरी हे साधले काय? दक्षिणेत कित्येक चर्चमध्ये दलित ख्रिस्त्यांच्या बसण्याच्या जागा वेगळ्या, दफनभूमीही वेगळ्या राहिल्या. बाबासाहेबांनी धर्मांतरित अस्पृश्यांविषयी लिहिताना आणखी खोल आक्षेप घेतला. माणसाच्या अधोगतीचे मूळ केवळ त्याच्या पापात शोधले, की भोवतालच्या व्यवस्थेविरुद्ध लढण्याची प्रेरणाच उरत नाही. आतल्या शुद्धीची शिकवण अशा रीतीने अन्यायाला निवाराही देऊ शकते.

हे सारे दुसऱ्यांना ऐकवून मोकळे होता येत नाही. आमच्या घरात रोज वंदना होते, १४ एप्रिलला दारात निळा झेंडा लागतो. गेल्या वर्षी बहिणीच्या लग्नाचा विषय निघाला. मी माझ्या एका मातंग मित्राचे नाव सुचवले. शिकलेला, नोकरीतला, निर्व्यसनी. वडील थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “माझ्या मनात काही नाही रे बाबा. पण भावकी आहे.”

मी पुढे बोललो नाही. घरमालकांना जो प्रश्न मी मनातल्या मनात विचारला होता, तो बापाला विचारण्याचे धैर्य मला झाले नाही. तो विचारल्यावाचून आपल्या चळवळीला शुद्धीची भाषा बोलता येणार नाही. बहिणीचे लग्न अजून ठरलेले नाही. या उन्हाळ्यात घरी गेलो की मी तो विषय पुन्हा काढणार आहे.