आर्ट मंकचे ९४० झेल आणि कँटनचे दार

१२ ऑक्टोबर १९९२ च्या सोमवारी रात्री, वॉशिंग्टनच्या घरच्या मैदानावर डेन्व्हरविरुद्धच्या सामन्यात आर्ट मंक या पस्तिशीला आलेल्या खेळाडूने आपल्या कारकिर्दीतला ८२० वा झेल घेतला. स्टीव्ह लार्जंटचा ८१९ झेलांचा विक्रम मागे पडला. अमेरिकेच्या नॅशनल फुटबॉल लीगच्या इतिहासात सर्वाधिक झेल घेणारा खेळाडू म्हणून त्या रात्रीपासून मंकचे नाव लागले. १९९५ च्या हंगामानंतर तो थांबला तेव्हा त्याच्या खात्यात ९४० झेल होते. असा खेळाडू निवृत्तीनंतर थेट कँटनच्या कीर्तिमंदिरात जाणार, अशी त्याच्या चाहत्यांची समजूत होती. प्रत्यक्षात त्याला तेथे पोहोचायला २००८ साल उजाडले.

फुटबॉल म्हटले की गोव्यातील वाचकाच्या डोळ्यांपुढे येतो तो हा खेळ नव्हे. अमेरिकन फुटबॉलमध्ये लंबगोल चेंडू हातात घेऊन किंवा हाताने फेकून प्रतिपक्षाच्या हद्दीत न्यायचा असतो. चेंडू फेकणारा तो क्वार्टरबॅक. धावत सुटून तो झेलणारा रिसीव्हर. रिसीव्हरचे मोल मोजण्याची मापे तीन : झेल किती, त्या झेलांतून मिळालेली यार्डे किती आणि त्यांपैकी टचडाउन, म्हणजे थेट गुण मिळवून देणारे झेल, किती. मंकची शिल्लक होती ९४० झेल, १२,७२१ यार्डे आणि ६८ टचडाउन. पहिला आकडा तेव्हा डोळे दिपवणारा होता, तिसरा मात्र नव्हता. लार्जंटने १०० टचडाउन झेलले होते. त्याच्याही आधी, १९४५ साली निवृत्त झालेल्या डॉन हटसनने ९९ टचडाउन झेलून ठेवले होते आणि तो विक्रम चव्वेचाळीस वर्षे टिकला.

ओहायो राज्यातील कँटन या गावी असलेल्या या कीर्तिमंदिराची निवडपद्धती समजून घेतल्याशिवाय मंकची कहाणी उलगडत नाही. निवृत्तीनंतर पाच वर्षे लोटल्यावरच खेळाडूचा विचार होतो. निवड करतात ते मुख्यतः क्रीडापत्रकार. लीगमधील प्रत्येक संघाच्या शहराला त्यांत प्रतिनिधित्व असते. मंकच्या वेळी ही मंडळी चाळीसच्या आसपास होती. बंद दाराआड बैठक भरते, खेळाडूच्या शहराचा पत्रकार त्याची बाजू मांडतो, चर्चा होते, यादी गाळत गाळत नेली जाते आणि अखेरीस जो उरतो त्यालाही ८० टक्के मते मिळवावी लागतात. म्हणजे दहा जणांत तिघांनी मान हलवली नाही की दार बंद. दरवर्षी जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्या सर्व स्थानांवरील खेळाडूंत वाटायच्या. विक्रम केला म्हणून आपोआप प्रवेश, असा नियम येथे कधीच नव्हता.

मंक २००१ साली पात्र ठरला. त्या वर्षी पिट्सबर्गचा लिन स्वान निवडला गेला. त्याचे झेल होते ३३६, मंकच्या जवळपास तिसरा हिस्सा. पुढच्या वर्षी स्वानचाच सहकारी जॉन स्टॉलवर्थ आत गेला, ५३७ झेलांवर. २००३ मध्ये जेम्स लॉफ्टन, ७६४ झेल. २००७ मध्ये डॅलसचा मायकेल अर्विन, ७५० झेल. मंक बाहेर उभा असताना त्याच्याहून कमी झेल घेतलेले चार रिसीव्हर आत गेले, आणि वॉशिंग्टनमध्ये संतापाची लाट उसळली.

हा संताप स्वाभाविक असला, तरी मतदारांचा आक्षेपही अगदीच पोकळ नव्हता. त्यांचे म्हणणे असे, की झेलांची बेरीज ही दीर्घायुष्याची पावती आहे, श्रेष्ठत्वाची नव्हे. १९७८ मध्ये लीगने नियम बदलले. रेषेपासून पाच यार्डांपुढे गेलेल्या रिसीव्हरला बचावपटूने धक्काबुक्की करण्यास मनाई झाली. त्याच वर्षी हंगामातील सामने चौदावरून सोळा झाले. मंक लीगमध्ये आला तो १९८० साली, म्हणजे चेंडू फेकण्याच्या सुगीच्या आरंभी. सोळा वर्षे खेळूनही झेलांच्या बाबतीत तो लीगमध्ये अव्वल ठरला तो एकदाच, १९८४ मध्ये. लीगच्या निवडक खेळाडूंच्या वार्षिक प्रो बोल सामन्यासाठी त्याची निवड झाली तीनदाच. स्वान आणि स्टॉलवर्थ यांच्याकडे मात्र प्रत्येकी चार अजिंक्यपदे होती आणि अंतिम सामन्यांतील, लोकांच्या स्मरणात रुतून बसलेले झेल होते.

शिवाय विक्रम टिकला तरी किती? मंकने अखेरच्या हंगामात फिलाडेल्फियाकडून अवघे सहा झेल घेतले आणि तो ९४० वर थांबला. त्याच हंगामाच्या शेवटी सॅन फ्रान्सिस्कोचा जेरी राइस ९४२ वर पोहोचलेला होता. विक्रमवीर म्हणून निवृत्त होण्याचे भाग्यही मंकच्या वाट्याला आले नाही. दोन झेलांनी हुकले. राइस पुढे १,५४९ पर्यंत गेला. आज ९४० हा आकडा पहिल्या विसांतही बसत नाही. मतदारांसमोर मंकचे नाव येई तेव्हा दर वर्षी तो आकडा थोडा अधिक किरकोळ भासू लागला होता. येथे प्रतीक्षा स्वतःच उमेदवाराच्या विरोधात साक्ष देते.

आपल्याकडे क्रिकेटमध्ये हा घोटाळा फारसा होत नाही. बडोद्याचे विजय हजारे यांनी ३० कसोटींत २,१९२ धावा केल्या. एकूण धावांच्या आजच्या यादीत त्यांना शोधावेच लागेल. पण १९४८ च्या जानेवारीत ॲडलेडला ब्रॅडमनच्या संघाविरुद्ध दोन्ही डावांत शतके काढणारा फलंदाज कोण होता, हे जाणकाराला सांगावे लागत नाही. आकडा त्याच्या काळाच्या चौकटीत वाचण्याची सवय आपल्याला आहे. मंकच्या बाबतीत त्याच चौकटीचा विसर पडला, असे मला वाटते.

कारण ती चौकट काय सांगते पाहा. १९८४ मध्ये मंकने एका हंगामात १०६ झेल घेतले. चार्ली हेनिगनचा १०१ झेलांचा विक्रम तोवर वीस वर्षे अबाधित होता. सलग १८३ सामन्यांत किमान एक झेल, हाही त्याचा विक्रम होता. आणि हे सर्व जो गिब्ज या प्रशिक्षकाच्या संघात, जेथे चेंडू घेऊन धावण्यावर भर होता आणि झेल अनेकांत विभागले जात. १९८९ मध्ये मंक, गॅरी क्लार्क आणि रिकी सँडर्स या वॉशिंग्टनच्या तिघांनीही हजार यार्डांचा टप्पा ओलांडला. एकाच ताटात तिघे जेवत असताना एकाच्या वाट्याला किती आले, एवढेच मोजणे न्याय्य ठरत नाही. मंकला धाडले जाई ते मैदानाच्या मध्यभागी, जेथे झेल घेताच दोन बाजूंनी धडक बसते. टचडाउनची चमकदार लांब धाव बहुधा दुसऱ्याची असे. सहकाऱ्याला वाट मोकळी करून देण्यासाठी बचावपटूला अडवण्याचे, आकडेवारीत कुठेही न दिसणारे कामही तो करी. वॉशिंग्टनने त्या दशकभरात तीन अजिंक्यपदे मिळवली, तीन वेगवेगळ्या क्वार्टरबॅकांच्या हाताखाली. पहिल्या वेळी मंक दुखापतीमुळे बाहेर होता. १९९२ च्या जानेवारीतील तिसऱ्या अंतिम सामन्यात मात्र त्याने सात झेलांत ११३ यार्डे मिळवली.

आणखी एक गोष्ट सहसा उघडपणे बोलली जात नाही. मंक मितभाषी होता, पत्रकारांपासून अंतर राखून असे. मतदान पत्रकारांचे. ज्याच्या तोंडून एक चटकदार वाक्य कधी मिळाले नाही, त्याची बाजू बंद दाराआड किती आवेशाने मांडली जाईल? वर्षानुवर्षे त्याला विरोध करणाऱ्या एका नामवंत क्रीडालेखकाने त्याच्या अडवणुकीच्या खेळाविषयी त्याच्या संघातील मंडळींचे म्हणणे ऐकून घेतल्यावर आपले मत जाहीरपणे बदलले. ती माहिती आधीही उपलब्ध होती. कोणी विचारायला गेले नव्हते, इतकेच. २००८ मध्ये आठव्या वर्षी मंक निवडला गेला, आपला जुना सहकारी डॅरेल ग्रीन याच्याबरोबर. ऑगस्टमधील समारंभात तो बोलायला उभा राहिला तेव्हा लोक चार मिनिटांहून अधिक काळ उभे राहून टाळ्या वाजवत होते.

मंकनंतरही ही कोंडी सुटलेली नाही. उलट झेलांचा महापूर आल्याने ती वाढली. १,१०१ झेल आणि १३० टचडाउन असलेला क्रिस कार्टर २०१३ पर्यंत खोळंबला, १,०९४ झेल घेतलेला टिम ब्राउन २०१५ पर्यंत. इंडियानापोलिसचा रेजी वेन १,०७० झेल आणि १४,३४५ यार्डे घेऊन २०२० पासून अंतिम यादीत येत राहिला आणि २०२५ मध्येही रिकाम्या हाताने परतला. सेंट लुईसचा टॉरी होल्ट ९२० झेलांसह त्याच रांगेत. सलग सहा हंगामांत १,३०० हून अधिक यार्डे हे त्याचे बलस्थान. माझ्या मते दोघांत होल्टची बाजू अधिक भक्कम आहे. झेल वेनचे जास्त असले, तरी ऐन भरात होल्टइतका काळ शिखरावर टिकलेले रिसीव्हर विरळा. मात्र नवी पद्धत दोघांनाही अवघड आहे : अखेरच्या फेरीत उरलेल्या सातांपैकी प्रत्येक मतदाराने पाच निवडायचे आणि अट पुन्हा ८० टक्क्यांचीच. परिणामी २०२५ मध्ये नेहमीच्या यादीतून तिघेच आत गेले.

त्या वर्षीचा चौथा होता ज्येष्ठांच्या स्वतंत्र यादीतून आलेला ग्रीन बेचा स्टर्लिंग शार्प. मानेच्या दुखापतीने त्याची कारकीर्द १९९४ मध्ये सात हंगामांतच संपली. झेल अवघे ५९५. मंकचा एका हंगामातील १०६ झेलांचा विक्रम १९९२ मध्ये १०८ झेल घेऊन मोडला होता, तो यानेच.