रजबमध्ये पेरा, रमजानमध्ये खुडा

पावसाळ्यात बाजारातून कोथिंबिरीची जुडी आणावी तर भाव चढलेला आणि आतली पाने कुजलेली. उन्हाळ्यात तीच जुडी संध्याकाळपर्यंत माना टाकते. त्यात रमजान दरवर्षी साधारण 11 दिवस अलीकडे सरकतो. 2016 साली तो जून-जुलैच्या पावसात आला होता, आता थंडीच्या दिवसांकडे आला आहे. ऋतू कोणताही असो, इफ्तारच्या चटणीला कोथिंबीर-पुदिना लागतोच. म्हणून आम्ही घरातच पेरायचे ठरवले.

आमचे घर दोन खोल्यांचे, गॅलरी नसलेले. उजेडाची म्हणावी अशी एकच जागा, स्वयंपाकघरातली पूर्वेची खिडकी. पहिल्या वेळी पेरलेली कोथिंबीर आठवड्याभरात आडवी झाली. कारण सोपे होते. घरात माणसे पाच आणि पाचही जण येता-जाता पाणी घालणारे! मुळे कुजली, मातीवर चिलटे घोंघावू लागली. तेव्हा अम्मींनी, म्हणजे आमच्या सासूबाईंनी, हुकूम काढला, "आजपासून पाणी मीच घालणार." कोकणातले घर आणि परसदार सोडून आमच्याकडे आल्यापासून त्यांना हाताला काम नव्हते. आता फजरच्या नमाजनंतर त्या मातीत बोटाचे एक पेर घालून पाहतात. ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही.

सुरुवात सर्वांत सोप्या गोष्टींपासून करावी. लसणाच्या पाकळ्या टोक वर ठेवून मातीत खोचल्या की साधारण दोन आठवड्यांत पात कापता येते. डब्यातली मेथी रात्रभर भिजवून पसरट भांड्यात दोन इंच मातीवर दाट पेरावी. दोन-तीन दिवसांत कोंब येतात आणि दहा-बारा दिवसांत कोवळी मेथी कात्रीने कापता येते. मात्र दुकानातले रंगीत बियाणे यासाठी वापरू नये, त्याला औषध लावलेले असते.

कोथिंबिरीला धीर लागतो. धण्याच्या एका दाण्यात दोन बिया असतात. न भाजलेले धणे लाटण्याने हलकेच रगडून दोन फाका कराव्यात, रात्रभर भिजवावेत आणि अर्धा इंच खोल पेरावेत. कुंडी किमान सहा इंच खोल आणि तळाशी भोके असलेली हवी. रोपे उपटून दुसरीकडे लावू नयेत, त्यांना ते सोसत नाही. उगवायला आठवडा-दीड आठवडा आणि खुडायला साधारण 40 दिवस लागतात. कडक उन्हाळ्यात ती लवकर फुलोऱ्यावर येते, तेव्हा कुंडी दुपारच्या उन्हातून आत घ्यावी.

पुदिन्याला बी नको. बाजारच्या जुडीतल्या जाड काड्या पेराखाली कापून, खालची पाने काढून पाण्याच्या ग्लासात ठेवाव्यात. पाणी एक दिवसाआड बदलावे. आठ-दहा दिवसांत मुळे फुटली की कुंडीत लावाव्यात. त्याला कुंडी स्वतंत्र द्यावी, नाहीतर तो शेजाऱ्याची जागा बळकावतो!

उरतो प्रश्न उजेडाचा. थंडीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून दक्षिणेच्या खिडकीत ऊन खोलवर येते. पावसाळी मळभात मात्र रोपे उंच, फिकी आणि लेचीपेची होतात. अशा वेळी 20 वॅटची साधी पांढरी एलईडी ट्यूब रोपांच्या वीतभर वर टांगावी. रोज 12 तास लावली तरी महिन्याला सात-सव्वासात युनिटच जळतात. तेही नको असेल तर त्या दिवसांत लसूण आणि मेथीवर भागवावे, त्यांना कमी उजेड चालतो.

आता आमचे वेळापत्रक हिजरी कॅलेंडरवरच लिहिलेले असते. रजबच्या सुरुवातीला पुदिन्याच्या काड्या पाण्यात, 20 रजबच्या सुमारास धणे मातीत, शाबानच्या मध्यावर मेथी. चंद्र दिसेपर्यंत खिडकी हिरवी होते. पुढे वर्षभर दर पंधरा दिवसांनी एकेक कुंडी पेरत राहायचे, म्हणजे एक संपेपर्यंत दुसरी तयार असते.

यातून बाजार बंद होत नाही. बिर्याणीच्या दिवशी जुडी आणावीच लागते. पण डाळीवर घालायला चार पाने हवीत म्हणून अख्खी जुडी आणायची आणि उरलेली फ्रिजमध्ये कुजू द्यायची, हा इसराफ थांबला. शेजारच्या खालांना चटणीसाठी मूठभर पुदिना जातो. तो कोणी खुडायचा, हे मात्र अम्मीच ठरवतात. परवा आम्ही त्यांना न विचारता दोन काड्या तोडल्या, तर त्या म्हणाल्या, "वरून चिमटा, मुळाशी नका हात लावू. परत फुटायला हवा ना?"