निकाहात दोन साक्षीदार कशासाठी? कुणाला बसवायचं, कागद कुणी जपायचा

लग्नाचा हंगाम आला की मांडव, जेवण, आहेर यांची यादी महिनाभर आधी तयार होते. निकाहाचे साक्षीदार मात्र बऱ्याच घरी ऐनवेळी ठरतात. काझीसाहेब रजिस्टर उघडतात, पुढं बसलेल्या दोघांना हाक मारतात आणि सही घेतात. त्या दिवशी यानं काही बिघडत नाही. पण पुढं नवरा वारला किंवा लग्नच झालं नाही असं कुणी म्हणू लागलं, तर बाईचा हक्क याच दोन माणसांवर येऊन थांबतो. म्हणून हा नियम नीट समजून घेतलेला बरा.

साक्षीदार म्हणजे ऐकणारा

इस्लामी कायद्यात निकाह हा करार आहे. एका बाजूनं प्रस्ताव येतो, दुसरी बाजू कबूल म्हणते, आणि हे दोन्ही एकाच बैठकीत व्हावं लागतं. महाराष्ट्रातले बहुसंख्य मुस्लिम हनफी पंथाचे. हनफी नियमानुसार हा प्रस्ताव आणि कबुली ऐकायला दोन पुरुष, किंवा एक पुरुष आणि दोन स्त्रिया हजर पाहिजेत. ते मुस्लिम, वयात आलेले आणि शुद्धीवर असले पाहिजेत. भाऊ, काका, मामा साक्षीदार झाले तरी चालतं.

जमिनीच्या खरेदीखताला साक्षीदाराची सही महत्त्वाची असते. निकाहात आधी कान महत्त्वाचे. दोघांनी शब्द ऐकले, तर कागद नसला तरी निकाह होतो. उलट, बैठकीत नसलेल्या माणसानं संध्याकाळी घरी येऊन रजिस्टरवर सही केली, तर तो खरा साक्षीदार ठरत नाही.

आणखी एक गल्लत नेहमी होते. आपल्याकडं एक वकील आणि दोन गवाह आत जाऊन मुलीची परवानगी घेतात. हा वकील कोर्टातला नव्हे, मुलीच्या वतीनं बोलणारा माणूस. ही चाल चांगली आहे, कारण मुलीच्या संमतीला पुरावा राहतो. पण निकाहाचे साक्षीदार ते, जे बाहेर बैठकीत प्रस्ताव आणि कबुली ऐकतात. तेच दोघं दोन्हीकडं हजर असले तर प्रश्नच मिटतो.

मुलगा दुबईला किंवा सौदीला अडकला असेल, तर नुसत्या व्हिडिओ कॉलवर विसंबू नये. त्यानं इथल्या एका विश्वासू माणसाला वकील नेमावं, आणि त्या वकिलानं बैठकीत साक्षीदारांसमोर कबुली द्यावी, हा जुना आणि बिनधोक मार्ग आहे. वकील वेगळा आणि साक्षीदार वेगळे ठेवावेत.

कोकणात नियम थोडा कडक

रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्गातले कोकणी मुस्लिम बहुतेक शाफई पंथाचे. त्यांच्यात दोन्ही साक्षीदार पुरुष आणि चांगल्या चालीचे लागतात. शिवाय मुलीचा वली, म्हणजे बाप किंवा जवळचा पुरुष नातेवाईक, असावाच लागतो. घाटावरची मुलगी कोकणात द्यायची असेल, तर दोन पुरुष साक्षीदार ठेवले की दोन्हीकडचं समाधान होतं.

इस्ना अशरी शिया पंथात निकाहाला साक्षीदाराची सक्ती नाही. तलाकाला मात्र दोन साक्षीदार लागतातच. सुन्नींच्या बरोबर उलट.

साक्षीदार नसले तर?

हनफी कायद्यात असा निकाह ‘फासिद’, म्हणजे सदोष ठरतो. तो पूर्ण रद्दबातल नसतो. नवरा-बायको एकत्र राहिले असतील तर बाईला मेहेर मिळतो, वेगळं झाल्यावर तिला इद्दत पाळावी लागते, आणि मुलं कायदेशीर ठरतात. फासिद विवाहातल्या मुलाला बापाच्या मालमत्तेत हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं केरळच्या एका खटल्यात २०१९ साली सांगितलं आहे.

नुकसान होतं ते बायकोचं. मुलंबाळं असतील तर विधवेचा वाटा आठवा हिस्सा, नसतील तर चौथा. फासिद निकाहात नवरा-बायको एकमेकांचे वारस होत नाहीत, म्हणजे हा वाटाच जातो. शेतजमिनीचा मामला अजून वेगळा. १९३७ च्या शरियत कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे, म्हणून तिथं वकिलाचा सल्ला घ्यावा.

दोष दुरुस्त करणं सोपं आहे. दोघं हयात असताना दोन साक्षीदार बसवून पुन्हा निकाह पढायचा. लाज वाटायचं काही कारण नाही.

कागद लागतोच

बरीच वर्षं नवरा-बायको म्हणून एकत्र राहिलेल्यांचं लग्न झालेलं आहे, असं कोर्ट धरून चालतं. पण ते कोर्टात गेल्यावर. पेन्शन, विमा, पासपोर्ट, पोटगी, प्रत्येक ठिकाणी पहिल्यांदा कागद मागतात.

१८८० च्या काझी कायद्यानुसार निकाहाला काझी असलाच पाहिजे असं नाही. तरीही काझींच्या रजिस्टरमध्ये नोंद राहते, हा मोठा फायदा. त्याशिवाय महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्याप्रमाणे लग्नाची नोंदणी ९० दिवसांत करायची असते. गावात हे काम ग्रामपंचायतीत होतं. इथं तीन साक्षीदार लागतात, दोन नव्हे. मुदत गेली असेल तर जादा शुल्क भरून नोंद होते. सर्वोच्च न्यायालयानं २००६ साली सगळ्या धर्मांच्या लग्नांची नोंदणी सक्तीची करायला सांगितलं आहे. मात्र नोंदणी केली म्हणून सदोष निकाह आपोआप दुरुस्त होत नाही.

तारीख ठरवताना एवढं करावं

– साक्षीदार आधी ठरवा. एक मुलीकडचा, एक मुलाकडचा. त्यातला एक तरी तरुण असावा. वीस-पंचवीस वर्षांनी साक्ष द्यायची वेळ आली तर तो हयात पाहिजे.
– त्यांना काझीजवळ बसवा. लाऊडस्पीकरच्या गोंगाटात शब्द ऐकू आले पाहिजेत.
– निकाहनाम्यावर पूर्ण नाव, वडिलांचं नाव, गाव, तालुका लिहून घ्या. नुसतं टोपणनाव नको.
– मेहेराची रक्कम आणि ती दिली की बाकी आहे, हे त्याच वेळी लिहा.
– एक मूळ प्रत मुलीच्या हातात द्या. सासरच्या कपाटातला कागद गरजेच्या वेळी सापडेलच असं नाही.