वंगणांतील धूळ

यंत्रास तेल देण्यांत आमचे शेतकरी बंधू सहसा हयगय करीत नाहींत. परंतु त्या तेलाबरोबर आपल्याच हातून धूळ आंत जाते, इकडे फारच थोड्यांचें लक्ष असतें. फिरता दांडा व त्याचें बेअरिंग यांच्यामध्यें तेलाचा जो पापुद्रा असतो, तो पुष्कळदां केसाच्या दहाव्या हिश्शाहूनहि पातळ असतो. शेतांतील धुळींत गारेचे बारीक कण असतात व ते पोलादासहि ओरखडे पाडतात. डोळ्यांस न दिसणारा असा कण त्या पापुद्र्यांत शिरला म्हणजे वंगण कानशीचें काम करूं लागतें.

यास्तव आमचें सांगणें असें कीं, ट्रॅक्टरचें ग्रीस-निपल व ग्रीसगनचें तोंड फडक्यानें पुसल्यावांचून ग्रीस भरूं नये. तेलाचा डबा व नरसाळें खळ्यावर उघडें टाकूं नये. पावसांत उभ्या ठेविलेल्या पिंपाच्या बुचाभोंवतीं पाणी सांचतें. दिवसा तापलेलें पिंप रात्रीं निवूं लागलें म्हणजे तें पाणी आंत ओढलें जातें. म्हणून पिंप छपराखालीं आडवें ठेवावें. इंजिनांतील तेल दुधासारखें पांढुरकें दिसल्यास त्यांत पाणी शिरलें असें समजावें व कारण सांपडेपर्यंत इंजिन चालवूं नये. मळणीच्या दिवसांत हवेची गाळणी रोज पाहावी. ती तेलाच्या भांड्याची असल्यास तळचा चिखल काढून खुणेपर्यंत स्वच्छ तेल भरावें.

फडक्यास कांहीं खर्च नाहीं. पण झिजलेलें यंत्र ऐन पेरणींत उभें राहतें, आणि वाफसा कोणासाठींहि थांबत नाहीं.