एकसष्टावं मूल

२००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या शेवटी एक अनुसूची जोडलेली आहे. कायद्यावर भाषणं करणारे सहसा तिथपर्यंत पोचत नाहीत. शाळेचा कारभार पाहणाऱ्यांना मात्र ती तोंडपाठ असते. पहिली ते पाचवीच्या शाळेत साठपर्यंत मुलं असतील तर दोन शिक्षक. एकसष्ट ते नव्वद असतील तर तीन. एक्क्याण्णव ते एकशेवीस असतील तर चार.

म्हणजे साठाव्या आणि एकसष्टाव्या मुलाच्या मध्ये एक अख्खी नोकरी उभी आहे. सातव्या वेतन आयोगात प्राथमिक शिक्षकाचं मूळ वेतन २९,२०० रुपयांपासून सुरू होतं. महागाई भत्ता सोडा, घरभाडं सोडा, दरवर्षीची वेतनवाढही सोडा. नुसतं हे मूळ वेतन तीस वर्षांच्या नोकरीने गुणलं तरी एक कोटी पाच लाख रुपये होतात. खाजगी अनुदानित शाळेत हा पगार सरकार देतं आणि माणूस संस्था निवडते. हजेरीपटावर एक नाव वाढवायला मात्र शाई तेवढी लागते.

शिक्षणातल्या भ्रष्टाचाराची गोष्ट निघाली की आपल्याकडे आधी डोनेशन, मग शिक्षणसम्राट, मग 'संस्कार राहिले नाहीत' या क्रमाने ती जाते आणि तिथेच विझते. माणसांची हाव खरी आहेच. पण हाव सगळ्याच खात्यांत आहे. महाराष्ट्राच्या शाळांत ती नेमक्या ज्या वाटांनी वाहते त्या वाटा सरकारी कागदांनीच आखून दिलेल्या आहेत. पैसा शिकवण्यामागे जात नाही, मान्यतेमागे जातो. गेल्या पंधरा वर्षांत एक कागद बंद केला की विक्रीला दुसरा आला, आणि बहुतेक वेळा हा दुसरा कागद पहिल्यावरचा उपाय म्हणूनच जन्माला आलेला होता.

सुरुवात पटापासून करू. शाळेत किती पदं मंजूर व्हायची हे ठरवणाऱ्या कागदाला संचमान्यता म्हणतात. तिच्यासाठी वर्षानुवर्षं ३० सप्टेंबरचा पट धरला जायचा. या तारखेला शिक्षकांच्या खोलीत परीक्षेपेक्षा जास्त धाकधूक असते. पट घसरला तर कोणीतरी 'अतिरिक्त' ठरतो, त्याचं समायोजन होतं, म्हणजे तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला जावं लागतं. म्हणून एप्रिल-मेच्या उन्हात शिक्षक दारोदार मुलं गोळा करत हिंडतात. लांबच्या वस्तीवरून मुलं आणणाऱ्या जीपचं भाडं पगारातून वर्गणी काढून भरलं जातं. वह्या-दप्तरंही कित्येक ठिकाणी शिक्षकांच्याच खिशातून येतात. इथपर्यंत ही धडपड आहे, हिला भ्रष्टाचार म्हणणं अन्याय होईल. पण धडपडीने साठच भरले आणि एकसष्टावं सापडलं नाही, की हजेरीपट उघडला जातो. गावातलं जे मूल आश्रमशाळेत गेलं त्याचा दाखला न काढता नाव तसंच ठेवायचं. जे इंग्रजी माध्यमात गेलं त्याचंही. बहिणीच्या गावचा भाचा पटावर आणायचा. एकदा नाव चढलं की त्याच्यामागे शालेय पोषण आहाराचा तांदूळ येतो, मोफत पुस्तकं येतात, गणवेश येतो. यात तक्रार करणारं कोणीच उरत नाही. ज्याचा तोटा होतो तो करदाता त्या गावात राहत नाही.

ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. ती मोजायचं धाडस पहिल्यांदा नांदेडमध्ये झालं. तेव्हाचे जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी जिल्ह्यातल्या शाळांची एकाच वेळी मोजणी घेतली आणि मोजलेल्या मुलाच्या बोटाला मतदानासारखी शाई लावली. शाई लावायचं कारण सरळ होतं. एका शाळेची मोजणी आटोपली की तीच मुलं गाडीत घालून दुसऱ्या शाळेत बसवायची, ही युक्ती तपासणी अधिकाऱ्यांना चांगलीच परिचयाची होती. नांदेडचे आकडे पाहिल्यावर राज्यभर तेच करायचं ठरलं. पृथ्वीराज चव्हाण मुख्यमंत्री आणि राजेंद्र दर्डा शालेय शिक्षणमंत्री असताना, ३ ते ५ ऑक्टोबर २०११ असे तीन दिवस महाराष्ट्रातल्या शाळांची पटपडताळणी झाली. नवरात्राचे शेवटचे दिवस होते, सहा तारखेला दसरा. शिक्षण खात्याच्या जोडीला महसूल खात्याची माणसंही वर्गांत उभी राहिली, आणि हे महत्त्वाचं होतं, कारण शिक्षण खात्याने शिक्षण खात्याला तपासायचं म्हणजे काय होतं याचा अनुभव राज्याच्या गाठीशी होता.

पटावर असून वर्गात नसलेल्या मुलांचा आकडा निघाला सुमारे वीस लाख. निम्म्याहून जास्त मुलं गैरहजर असलेल्या शाळा होत्या १,४०४.

वीस लाखांतलं प्रत्येक नाव खोटं होतं असं नाही. बीड, अहिल्यानगर, जालना या पट्ट्यात ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची मुलं पावसाळ्यानंतर हळूहळू वर्गातून दिसेनाशी होतात. ती खरी मुलं आहेत, शाळेत आहेत, आणि नाहीतही. कोणी आजारी असेल, कोणी देवीच्या यात्रेला गेलं असेल. शिक्षक संघटनांनी हे मुद्दे मांडले आणि ते गैर नव्हते. पण निम्मा वर्ग यात्रेला जात नाही. पुढे जनहित याचिका झाली, उच्च न्यायालयाने गुन्हे नोंदवण्याविषयी सरकारला पुन्हा पुन्हा जाब विचारला, आणि मोजणी तीन दिवसांत झाली तरी कारवाई वर्षानुवर्षं रेंगाळली. मोजणाऱ्यांना जे जमलं ते खात्याला जमलं नाही, की जमवून घ्यायचं नव्हतं, हे वाचकाने ठरवावं.

खोटा पट उघडा पडला तेव्हा त्या पटावर उभी असलेली पदंही पोकळ ठरली. पदांवरची माणसं मात्र हाडामांसाची होती, आणि त्यांतल्या अनेकांनी नोकरीसाठी जमीन विकलेली होती. राज्यात हजारो शिक्षक अतिरिक्त झाले. त्यांचं समायोजन होईपर्यंत नवी भरती करायची नाही, असा शासन निर्णय २ मे २०१२ रोजी निघाला. आणि इथून मागच्या तारखेचा धंदा तेजीत आला.

नेमणूक संस्था करते, पण ती नियमात आहे असं शिक्षणाधिकारी लिहून देतो, तिला वैयक्तिक मान्यता म्हणतात. त्या मान्यतेशिवाय पगार नाही. बंदी २ मे २०१२ची, मग नेमणूक त्याआधीची दाखवली की झालं. अशी फाइल जुळवायला काय काय लागतं ते पाहण्यासारखं आहे. आधी वर्तमानपत्रातली जाहिरात हवी. ती एखाद्या न खपणाऱ्या दैनिकाच्या जुन्या अंकात सापडते. मग आरक्षणाची बिंदुनामावली तपासून घेतल्याचा शिक्का. मुलाखतीचा तक्ता. शाळा समितीचा ठराव, तोही इतिवृत्ताच्या वहीत दोन ठरावांमध्ये बसेल अशा बारीक अक्षरात. हजेरीपटावर मागच्या तीन वर्षांच्या सह्या, एकाच पेनाने, एकाच बैठकीत. शेवटी सगळ्यात अवघड भाग, शिक्षणाधिकारी कार्यालयाची आवक-जावक नोंदवही. तिथे दिवसाचा शेवटचा क्रमांक पडून गेलेला असतो, मग आधीच्या क्रमांकापुढे 'अ' किंवा 'ब' जोडून नवी ओळ घुसवली जाते. चौकशी करणारा जाणकार असेल तर तो फाइल वाचायच्या आधी हे 'अ' आणि 'ब' शोधतो.

ही फाइल कोणासाठी बनते? डीएड किंवा बीएड झालेला, तिशीकडे झुकलेला मुलगा किंवा मुलगी. 'कायम विनाअनुदानित' शाळेत सात-आठ वर्षं फुकट किंवा नाममात्र पैशांवर शिकवलेलं. त्यातला 'कायम' शब्द सरकारने २००९मध्ये काढला, म्हणजे कधी ना कधी अनुदान येईल अशी आशा लावली, आणि मग ते वीस-वीस टक्क्यांच्या हप्त्यांनी दिलं. मुंबईच्या आझाद मैदानावर पावसात बसलेले विनाअनुदानित शिक्षक ही आपल्या पावसाळी अधिवेशनाची नेहमीची पार्श्वभूमी झाली आहे. अनुदानितमध्ये रीतसर लागलं तरी आधी तीन वर्षं शिक्षणसेवक. त्याचं मानधन बरीच वर्षं सहा, आठ आणि नऊ हजार होतं. २०२३पासून ते सोळा, अठरा आणि वीस हजार झालं. एवढ्या वाटेनंतर संस्थाचालक म्हणतो, जागा आहे, इमारत निधीला मदत करा. रक्कम लाखांत असते. पावती मिळत नाही, मिळाली तर तिच्यावर 'ऐच्छिक' लिहिलेलं असतं. मुलाचा बाप दोन एकर काढतो. अशा नेमणुकीला गावात कोणी लाच म्हणत नाही, 'पैसे भरून लागला' म्हणतात, आणि लग्नाच्या बाजारात ती जमेची बाजू धरतात. १९७७च्या खाजगी शाळा कर्मचारी कायद्याने शिक्षकाला मनमानी बडतर्फीपासून संरक्षण दिलं हे चांगलंच झालं. दारातून आत येण्याचा मोबदला त्या संरक्षणामुळे किती वाढला, हे मात्र त्या कायद्याच्या कौतुकात राहून जातं.

मागच्या तारखांना आळा घालायला, आणि पगार वेळेवर व्हावा म्हणूनही, शालार्थ नावाची ऑनलाइन वेतनप्रणाली आली. प्रत्येक कर्मचाऱ्याला एक क्रमांक. क्रमांक नसेल तर पगारबिलात नाव चढत नाही. मुख्याध्यापकाकडून प्रस्ताव, शिक्षणाधिकाऱ्याची मान्यता, विभागीय उपसंचालकाचा आदेश, मग वेतन पथक: चार टेबलं. कागदावर ही व्यवस्था भक्कम आहे. २०२५च्या वसंतात नागपूरला ती फुटली. खोट्या कागदपत्रांवरच्या नेमणुकांना शालार्थ आयडी देऊन पगार काढल्याच्या प्रकरणात विभागाच्या शिक्षण उपसंचालकांनाच अटक झाली. संशयाच्या यादीत ५८० नेमणुका असल्याचं सांगितलं गेलं, विशेष तपास पथक बसलं, पुढे आणखी अधिकारी आणि कर्मचारी पकडले गेले. आपण सही केली ती खालून आलेल्या कागदावर, आधी विभागीय चौकशी करा, असं म्हणत अधिकाऱ्यांच्या संघटनेने अटकेला विरोध केला. खटले चालू आहेत, दोषी कोण ते न्यायालय सांगेल. पण हा बचाव नीट ऐकण्यासारखा आहे. चार टेबलांपैकी प्रत्येक टेबल आधीच्या टेबलावर विश्वास ठेवत होतं, आणि शाळेत जाऊन तो माणूस फळ्यासमोर उभा आहे का, हे पाहणं एकाही टेबलाचं काम नव्हतं.

माणूस योग्य आहे का, हे पाहायला शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, आणली होती. महाराष्ट्रात ती २०१३पासून सुरू झाली. दीडशे गुण, खुल्या गटाला नव्वद हवेत, आणि निकाल इतका कडक लागायचा की टीईटी नापासांवर विनोद होत. डिसेंबर २०२१मध्ये पुणे पोलिसांनी इतर भरतीपरीक्षांच्या पेपरफुटीचा धागा ओढला आणि तो थेट टीईटी घेणाऱ्या परीक्षा परिषदेच्या आयुक्तांपर्यंत गेला. आयुक्तांना अटक झाली, रोकड सापडली, परीक्षेचं तांत्रिक काम करणाऱ्या कंपनीचा संचालकही पकडला गेला. रीत साधी होती. उमेदवाराने उत्तरपत्रिका कोरी सोडायची, गुण नंतर भरले जायचे. ज्यांचं तेवढ्यानेही जमलं नाही त्यांना सरळ बनावट प्रमाणपत्रं. २०१९-२०च्या परीक्षेत सोळा हजारांवर उमेदवार पात्र ठरले होते; छाननीनंतर त्यातले सात हजार आठशेहून अधिक अपात्र निघाले. जवळपास निम्मे. उरलेले निम्मे रात्री जागून, शिकवण्या करत, दोन-तीनदा नापास होऊन पास झालेले होते, आणि त्यांच्याही प्रमाणपत्राकडे आता लोक डोळे बारीक करून पाहू लागले.

एक गोष्ट बऱ्यापैकी चालली, तिचं श्रेय द्यायला हवं. २०१७मध्ये शिक्षकभरतीसाठी पवित्र पोर्टल आलं. अभियोग्यता चाचणीच्या गुणांवर गुणवत्ता यादी लागते, आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत ओळखदेख नसलेला मुलगा, एकही रुपया न देता, दुसऱ्या जिल्ह्यात रुजू झाल्याची उदाहरणं आता पुष्कळ आहेत. खाजगी संस्था याविरुद्ध न्यायालयात गेल्या. त्यांच्यासाठी मुलाखतीचा पर्याय राहिला, एका जागेला अनेक उमेदवार पाठवले जाऊ लागले. मुलाखतीची खिडकी ठेवली तिथून वारा येतोच.

महाविद्यालयांकडे वळलं की हेच चित्र उलटं दिसतं. शाळेत कागदावरचं मूल, तर इथे कागदावरचा प्राध्यापक. १९८३मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने खाजगी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडलं. चार वर्षांत कॅपिटेशन फी बंदीचा कायदा करावा लागला, यावरून पाणी किती लवकर मुरलं ते समजतं. विद्यापीठाची किंवा नियामक परिषदेची तपासणी समिती येणार त्या दिवशी वर्ग अध्यापकांनी भरतात, प्रयोगशाळेत उपकरणं येतात, वैद्यकीय महाविद्यालय असेल तर खाटांवर रुग्णही येतात. वैद्यकीय महाविद्यालयांच्या तपासण्यांतल्या लाचखोरीचं देशभर पसरलेलं प्रकरण सीबीआयने जून २०२५मध्ये नोंदवलं, त्यातही बनावट अध्यापक आणि आणून झोपवलेले रुग्ण होते. आणि राज्यात मुख्यमंत्र्याचीच खुर्ची गेली ती एमडीच्या गुणांपायी. मुलीच्या परीक्षेतल्या गुणवाढीच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने ताशेरे ओढल्यावर शिवाजीराव पाटील निलंगेकरांनी मार्च १९८६मध्ये राजीनामा दिला. त्या वेळच्या राजकारणात ताशेऱ्यांवर राजीनामा देत असत.

आता पुन्हा शाळांकडे, पुढच्या कागदाकडे. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, आणि हे प्रकरण महाराष्ट्रातूनच गेलेलं होतं. ज्यांच्या सेवेची पाच वर्षांहून जास्त वर्षं उरली आहेत अशा सेवेतल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावं, नाहीतर नोकरी सोडावी. त्याहून कमी उरली असतील तर सूट, पण बढती हवी असेल तर परीक्षा द्यावीच लागेल. मुलांच्या बाजूने पाहिलं तर निर्णयामागचं तत्त्व पटण्यासारखं आहे. पण आता या परीक्षेला पंचेचाळिशीतली माणसं बसणार आहेत. वीस वर्षं चौथीचा वर्ग घेतलेली, पुस्तक परीक्षेसाठी कधीच्या काळी उघडलेली. परीक्षा घेणारी परिषद तीच आहे. २०१९मध्ये तिच्या दारात जे पैसे घेऊन आले ते बेकार होते, उसनवारी करून आलेले. या वेळी येणाऱ्याकडे पगाराची स्लिप आहे, तिच्यावर पतपेढी दोन दिवसांत कर्ज देते, आणि हरला तर त्याचं नुसतं स्वप्न जात नाही, चालू घर जातं. दलालांनी हा हिशेब एव्हाना केला असेलच. परिषदेने केला असेल तर तो उत्तरपत्रिका कोण तपासतो, गुण कोण भरतो आणि ते दोघं एकाच कंपनीचे आहेत का, इथून सुरू व्हायला हवा.