स्विच बिघडला तर काय होईल?

आमच्या पाम गावच्या हवेत स्विच फार दिवस टिकत नाही. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला तारापूरची एमआयडीसी. खारा वारा आणि कारखान्यांचा धूर एकत्र आला की तांब्या-पितळेचे कॉन्टॅक्ट बघता बघता काळे पडतात. म्हणून भाच्याने ‘मामा, गिटारच्या अँप्लिफायरला व्हॉल्व्ह बदलायचा स्विच लावून दे’ असा लकडा लावला, तेव्हा स्विच चालेल कसा यापेक्षा तो बिघडला तर काय होईल, हे मला आधी सुचलं. माझी सारी नोकरी केमिकल कंपनीत इन्स्ट्रुमेंट खात्यात झाली. तिथे कुठलाही कंट्रोल व्हॉल्व्ह बसवण्याआधी विचारायचं, हवेचा दाब गेला तर हा उघडा राहणार की बंद होणार? वाफेचा बंद व्हायला हवा, थंड पाण्याचा उघडा राहायला हवा. घरी केलेल्या अँप्लिफायरलाही मी तोच नियम लावला.

अँप्लिफायरमधले व्हॉल्व्ह वेगळे, काचेचे. ते पन्नाशीच्या पुढच्यांनी रेडिओत पाहिले असतील, मागची फळी काढली की आत मंद पेटलेले दिसायचे. गिटारवाले अजून त्यांच्या मागे असतात, कारण आवाज फार चढवला की व्हॉल्व्हचा आवाज गोलाईने फाटतो, कानाला टोचत नाही. आता हे व्हॉल्व्ह रशिया, चीन, स्लोव्हाकियातून येतात. आम्ही विरारला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरतो, लॅमिंग्टन रोडवर दुकानं पालथी घालतो आणि दर ऐकून गप्प बसतो.

भाच्याला एकाच डब्यात तीन व्हॉल्व्ह आळीपाळीने लावून बघायचे होते: ६व्ही६, ६एल६ आणि ईएल३४. ही हौस नवी नाही. लंडनच्या हॅनवेलमध्ये जिम मार्शलच्या दुकानात १९६२ साली फेंडरचा बेसमन अँप्लिफायर समोर ठेवून पहिला मार्शल अँप्लिफायर बनला. त्यात आधी ६एल६च्या कुळातला ५८८१ होता, मग केटी६६ आला, मग ईएल३४. मार्शलचा म्हणून जो आवाज लोक ओळखतात, त्यात या अदलाबदलीचा वाटा मोठा आहे.

गोम अशी की तिघांचाही बेस आठ पिनांचा, एकच. २ आणि ७ वर फिलामेंट, ३ वर प्लेट, ४ वर स्क्रीन, ५ वर ग्रिड, ८ वर कॅथोड. त्यामुळे कुठलाही कुठेही बसतो आणि बसला म्हणजे चालेल असं वाटतं. फरक आहे १ नंबरच्या पिनेत, आणि त्यामागे पेटंटचं भांडण आहे. १९२६ साली फिलिप्सच्या बर्नार्ड टेलेगेनने व्हॉल्व्हमध्ये एक जास्तीची जाळी घालून पेंटोड केला. ते पेटंट टाळायला इंग्रज इंजिनिअरांनी जाळीऐवजी पत्र्याच्या पट्ट्या घालून इलेक्ट्रॉनचा झोत बांधला, आणि अमेरिकेच्या आरसीएने १९३६ मध्ये ६एल६ त्याच तत्त्वावर काढला. या पट्ट्या आतल्या आत कॅथोडला जोडलेल्या असतात, १ नंबरची पीन रिकामी राहते. ईएल३४ खराखुरा पेंटोड. त्याची तिसरी जाळी १ नंबरवर बाहेर येते आणि ती आपण कॅथोडला जोडायची असते. जुन्या फेंडर पद्धतीच्या वायरिंगमध्ये ही रिकामी पीन रेझिस्टन्स टेकवायला वापरतात. तिथे ईएल३४ खोचला की घोटाळा. मी १ आणि ८ मध्ये तारेचा तुकडा सोल्डर करून टाकला. तिन्ही व्हॉल्व्हना तो चालतो, स्विच लागत नाही.

खरा स्विच लागतो कॅथोडला. ६व्ही६ची प्लेट १२ वॉट उष्णता सोसते, ईएल३४ची २५, ६एल६च्या जीसी जातीची ३०. म्हणजे प्रत्येकातून वाहणारा करंट वेगळा राखावा लागतो, आणि आमच्या सर्किटमध्ये ते काम कॅथोडखालचा रेझिस्टन्स करतो. पुष्कळ नकाशांत स्विच एका रेझिस्टन्सवरून दुसऱ्यावर जातो. मला ते पटत नाही. मधेच कॉन्टॅक्ट सुटला की कॅथोड लोंबकळतो, व्होल्टेज चढतं आणि शेजारचा कंडेन्सर आपल्या मर्यादेबाहेर जातो. म्हणून ४७० ओहमचा, ५ वॉटचा रेझिस्टन्स मी कायमचा जोडला, तो ६व्ही६साठी. स्विच फक्त तसाच दुसरा ४७० त्याला समांतर लावतो, मिळून २३५ होतात. २९० व्होल्टच्या सप्लायवर ६व्ही६ सुमारे ४० मिलिअँपिअर घेतो, ईएल३४ साठच्या पुढे जातो. स्विच काळा पडला, सुटला, तर करंट कमी होणार, आवाज बसणार, व्हॉल्व्ह मात्र शाबूत. ग्रिडला वेगळं ऋण व्होल्टेज देणाऱ्या सर्किटमध्ये उलट होतं. तिथे स्विच सुटला तर ग्रिड मोकळी होते आणि प्लेट लालबुंद.

दुसरा स्विच स्पीकरचा. ६व्ही६ला आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या बाजूने ५,००० ओहमचा भार मानवतो, बाकीच्या दोघांना साधारण निम्मा. ट्रान्सफॉर्मरच्या ८च्या टॅपवर ८ ओहमचा स्पीकर लावला की प्लेटला ५,००० दिसतात. तोच स्पीकर १६च्या टॅपवर नेला की अडीच हजार. उच्च व्होल्टेजला हातच लावावा लागत नाही. मात्र स्पीकर सुटला तर ट्रान्सफॉर्मरमध्ये उलटा दणका बसून इन्सुलेशन जळू शकतं, म्हणून १६च्या टॅपवर २२० ओहम, ५ वॉटचा रेझिस्टन्स कायम बसवला आहे.

फिलामेंटला स्विच नाही, पण ६व्ही६ला ०.४५ अँपिअर पुरतात तिथे ईएल३४ दीड ओढतो. वाइंडिंगवाल्याला हे आधी सांगायचं, नाहीतर मेनचा ट्रान्सफॉर्मर तापतो. आणि व्हॉल्व्ह काय, स्विच काय, मेन बंद करूनच बदलायचे. चासीत हात घालण्याआधी मीटर लावून बघायचं. बंद केल्यावरही कंडेन्सर भरलेले राहतात आणि २९० व्होल्टचा झटका माणसाला सोडत नाही.

इतकं करून तिघांच्या आवाजात फरक किती? आहे, पण भाचा सांगतो तेवढा मला ऐकू येत नाही. स्पीकर बदलला तर याहून जास्त पडतो.

आता त्याला तिसरा स्विच हवाय, स्क्रीन प्लेटला जोडून ट्रायोडचा मऊ आवाज काढणारा. त्याला मी नाही म्हटलं. बाजारातल्या साध्या टॉगलवर २५० व्होल्ट एसी लिहिलेलं असतं. एसी सेकंदाला शंभरदा शून्यावर येतो, ठिणगी विझते. डीसीची विझत नाही, आणि स्क्रीनवर डीसीच असतो. ट्रायोड हवाच असेल तर चासी उलटी करून तार कायमची जोडून देईन.